डेसिबलला आडनाव नसतं

साठ आणि साठ किती? एकशेवीस म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचण्याआधी जरा बसून घ्यावं. आवाजाच्या दुनियेत साठ आणि साठ मिळून त्रेसष्ट होतात. साठ डेसिबलने घरघरणाऱ्या रिक्षेशेजारी तितकीच घरघरणारी दुसरी रिक्षा येऊन थांबली, तर ध्वनिमापक त्रेसष्ट दाखवतो. अशा चार झाल्या की सहासष्ट. पावकी-निमकी घोकलेल्या पिढीला ही सरळसरळ अफरातफर वाटते. आमच्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग उरलेले सत्तावन्न कुणी खाल्ले?"

खाल्ले कुणीच नाहीत. डेसिबलची मोजपट्टीच गुणाकाराची आहे. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली की आकडा तीनने वाढतो, दहापट झाली की दहाने. माणसाच्या कानाचा पल्ला पानांच्या सळसळीपासून विमानाच्या गर्जनेपर्यंत आहे, आणि तो साध्या आकड्यांत मांडायचा तर शून्यं लिहिता लिहिता वही संपेल. म्हणून ही सोय. पण सोयीची खरी गंमत उलट्या बाजूने कळते. रस्त्याचा आवाज तीन डेसिबलने खाली आणायचा असेल तर त्यावरची निम्मी वाहनं काढावी लागतात. निम्मी! दिवाळीत बरंचसं पुणं गावाला जातं तेव्हा हा प्रयोग आपोआप होतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो. त्यातून रस्ता मोकळा मिळाल्यावर उरलेली निम्मी वाहनं सुसाट सुटतात. वेग वाढला की टायरचा आवाज वाढतो, त्यामुळे ते तीनसुद्धा पुरते पदरात पडत नाहीत.

आपले नियम मात्र मोठ्या मनाच्या माणसांनी लिहिलेत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या वर जायचं नाही. व्यापारी भागाला ६५ आणि ५५, कारखान्यांच्या भागाला ७५ आणि ७०. दवाखाने, शाळा आणि न्यायालयं यांच्या भोवतालचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. चाळीस म्हणजे साधारण घरातला फ्रिज. थोडक्यात, रात्री दहानंतर दवाखान्यासमोरच्या रस्त्याने फ्रिजसारखं वागायचं. हे कर्वे रस्त्याला जाऊन कुणी सांगायचं, एवढाच प्रश्न उरतो. सदाशिव पेठेत अशी शंभर-शंभर मीटरची वर्तुळं काढत गेलं, तर शांततेच्या बाहेर पडायला नदीपात्रातच उतरावं लागेल. कागदावर पुण्याइतकं शांत शहर शोधून सापडायचं नाही. प्रत्यक्षात भोंग्यावर तिरकी रेघ मारलेल्या फलकाखाली रिक्षा थांबते, आणि मागचा स्कूटरवाला हॉर्न देतो, कारण फलकाखाली थांबायचं काय कारण?

शिवाय हे आकडे एका क्षणाचे नसतात, सरासरीचे असतात. सरासरीही आपल्या परीक्षेच्या गुणांची नव्हे, ऊर्जेची. या सरासरीत शांत बसणाऱ्यांना फारसं मत नसतं. समजा, रात्री दहा ते सकाळी सहा गल्लीत टाचणीसुद्धा पडली नाही. कुत्री मुकी, पंखे बंद. फक्त एकदा, एकच सेकंद, सायलेन्सरशी खेळ केलेली बुलेट शंभर डेसिबलने फाटकन वाजून गेली. त्या रात्रीची सरासरी किती येईल? पंचावन्न. मर्यादा पंचेचाळीस. आठ तासांत अठ्ठावीस हजार आठशे सेकंद असतात. त्यातल्या अठ्ठावीस हजार सातशे नव्व्याण्णव सेकंदांचं गल्लीचं पुण्य त्या पोराने एका सेकंदात धुऊन नेलं, आणि तो आता घरी जाऊन गाढ झोपलाय. पोलीस अधूनमधून असे सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर मांडतात आणि वर रोडरोलर फिरवतात. ध्वनिप्रदूषणाविरुद्धच्या कार्यक्रमांपैकी प्रेक्षक जमतात तो हाच. त्या रोलरचा आवाज किती, हे विचारून रसभंग करू नये.

तर हे सगळं वाचून आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने ठरवलं, आपल्या भागाचा आवाजाचा नकाशा आपणच काढायचा. निवृत्त माणसांकडे वेळ असतो आणि पुण्यात त्यांच्याकडे तक्रारीही असतात. मोबाईलवर मोजायची ॲप आहेत. नागपूरच्या नीरी संस्थेचं 'नॉइज ट्रॅकर' आहे, फ्रान्समधल्या संशोधकांचं 'नॉइजकॅप्चर' आहे, त्यात जगभरच्या लोकांनी मोजलेले आवाज एका नकाशावर जमा होतात. अडचण एवढीच की फोनचा माइक बोलणं ऐकायला केलेला असतो, ट्रक ऐकायला नव्हे. एकाच जागी, एकाच वेळी धरलेले दोन फोन दोन आकडे दाखवू लागले. तेव्हा ज्यांचा फोन महाग त्यांनी आपलाच आकडा खरा असल्याचं जाहीर केलं. वाद नको म्हणून वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी त्यांच्या कॉलेजातून खरा ध्वनिमापक आणला. सोबत एक डबीएवढं उपकरण होतं. ते माइकवर बसवलं की एक हजार हर्ट्झचा, चौऱ्याण्णव डेसिबलचा एकच स्वर धरतं, आणि मापक बरोबर चौऱ्याण्णव दाखवतो की नाही ते तपासायचं. गाण्याचे क्लास घेणाऱ्या काकूंनी तो स्वर ऐकला, डोळे मिटले आणि निर्वाळा दिला, "पांढरी सात. जरा चढी आहे." हिशेबाने हे अगदी बरोबर आहे. पुढे त्या मोजणीला काही आल्या नाहीत. बेसूर चौऱ्याण्णव आपल्याला सोसत नाही म्हणाल्या.

मापकाच्या माइकवर वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून काळा फोमचा गोळा बसवतात. या गोळ्याने घात केला. चौकात तो दिसायला लागल्यापासून प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "कुठलं चॅनल?" एका गृहस्थांनी गाडी बाजूला घेतली, केसांवरून हात फिरवला आणि खड्डे, पाणीकपात, नगरसेवक या क्रमाने बोलायला सुरुवात केली. मागे दोन बस, एक टेम्पो आणि अख्खा सिग्नल वाजत होता, पण मापकाचा काटा हलला तो या गृहस्थांच्या आवाजाने. 'आम्ही आवाज मोजतोय' असं सांगितल्यावर ते आणखी चढ्या आवाजात म्हणाले, "मोजाच! फार झालाय!"

शास्त्र सांगतं की उघड्यावर मोजताना माइक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच असावा आणि भिंतींपासून किमान साडेतीन मीटर लांब, म्हणजे भिंतीवर आपटून परत येणारा आवाज त्यात मिसळत नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या शहरात फुटपाथ असणार. आमच्या रस्त्यावर भिंतीपासून साडेतीन मीटर मोजत गेलं की फुटपाथ, टपरी, उभ्या केलेल्या गाड्या हे सगळं ओलांडून माणूस थेट बसच्या वाटेत पोचतो. तिथे तो तिपाई लावून उभा राहिला की येणारा प्रत्येक जण त्याला हॉर्न देतो. आता हा हॉर्न रस्त्याचा धरायचा की मोजणाऱ्याचा? यावर कट्ट्यात उभी फूट पडली. एका गटाचं म्हणणं, तो वजा करा. दुसऱ्याचं म्हणणं, आपण नसतो तर दुसरं कुणी तरी मध्ये आलंच असतं.

जगातले बहुतेक आवाजाचे नकाशे मुळात असे रस्त्यावर उभं राहून काढतच नाहीत. हिशेबाने काढतात. युरोपने २००२ साली नियम केला की एक लाखावर वस्तीच्या शहरी भागांनी दर पाच वर्षांनी आवाजाचा नकाशा करायचा. तासाला किती वाहनं, त्यांत अवजड किती, वेग किती, डांबर कुठल्या जातीचं, चढ आहे का, इमारती किती उंच, हे सगळं संगणकाला सांगायचं. मग तो हिरव्यापासून जांभळ्यापर्यंत रंग भरून देतो. संध्याकाळच्या आवाजाला पाच आणि रात्रीच्या आवाजाला दहा डेसिबल वाढवून धरायचे, कारण तेव्हा तो जास्त बोचतो. सूत्र फार देखणं आहे. त्यात टायर आहे, इंजिन आहे, नाही तो फक्त हॉर्न. युरोपातल्या त्या गणितज्ञांच्या डोक्यात वाहनाला हॉर्न असतो हे आलंही असेल, पण तो माणूस वाजवतो हे सुचलं नसावं. आपल्याकडच्या संशोधकांना या परदेशी सूत्रांत हॉर्नची वेगळी भर घालावी लागते.

कारण आपल्याकडे हॉर्न हा इशारा नसून संभाषण आहे. सिग्नलवरच्या उलट्या आकड्यांत तीन उरले की मागच्या रांगेतून जो वाजतो, त्याचा अर्थ 'तुला आकडे वाचता येत नाहीत, मी वाचून दाखवतो'. लहान दोनदा म्हणजे 'उजवीकडून येतोय', एकदा लांब म्हणजे 'आलो'. बंद रेल्वे फाटकापुढे वाजतो तो निव्वळ आत्मशांतीसाठी. गल्लीच्या वळणावर समोर कुणी नसताना वाजतो तो, कुणी असलंच तर, म्हणून. कायद्यात विनाकारण हॉर्नला हजार रुपये दंड आहे, पुन्हा सापडल्यास दोन हजार. पण विनाकारण हॉर्न वाजवलेला माणूस भारतात अजून जन्माला यायचा आहे. प्रत्येकाकडे कारण असतं, आणि ते नेहमी समोर उभं असतं. ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्र सरकारने २०१५ साली पुसायला लावलं, कारण ते वाचून लोक हॉर्न देतात. आमंत्रण गेलं. पाहुणे राहिले.

नाशिकच्या एका कार्यक्रमात २०२१ साली नितीन गडकरींनी यावर सुरेल तोडगा सुचवला होता. हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियम अशा भारतीय वाद्यांचेच आवाज यावेत, आणि रुग्णवाहिकेच्या सायरनच्या जागी आकाशवाणीची पहाटेची ती सुप्रसिद्ध धून. कल्पना मला मनापासून आवडते. नळ स्टॉपला संध्याकाळी सात वाजता दोनशे बासऱ्या, त्यांना उत्तर देणारा टेम्पोचा तबला, आणि मध्येच बसची एक गंभीर पेटी. फक्त ध्वनिमापकाला राग कळत नाही. नव्वद डेसिबलचा यमन त्याच्या लेखी नव्वदच. आणि डाव्या बाजूने घुसणाऱ्या रिक्षेला 'अरे वा!' म्हणून दाद द्यायची की शिवी, हे ठरवण्यात हिरवा दिवा निघून जायचा.

आवाज मोजायची हौस आपलीच आहे असं मात्र नाही. न्यूयॉर्कने १९२९ साली आवाज आटोक्यात आणण्यासाठी एक आयोग नेमला. त्यांनी ट्रकवर ध्वनिमापनाची प्रयोगशाळा चढवली आणि शहरभर फिरवली. त्यांच्या अहवालातला सगळ्यात लक्षात राहणारा निष्कर्ष असा की शहरातल्या काही जागी सैबेरियाचा किंवा बंगालचा वाघ येऊन खुशाल डरकाळ्या फोडू लागला, तरी जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या ते कानावरही पडणार नाही. याला म्हणतात अहवाल. आपल्याकडच्या अहवालात 'अमुक ठिकाणी मर्यादेचे उल्लंघन आढळले' असं वाक्य असतं, आणि ते वाचताना वाघालाही झोप येईल. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर वाघ आलाच तर डरकाळी ऐकू येणार नाही हे नक्की. पण त्याला मागून हॉर्न मात्र मिळेल.

आपल्याकडेही काम झालंय, आणि ते थोडंथोडकं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं देशातल्या सात महानगरांत सत्तर ठिकाणी चोवीस तास आवाज ऐकत बसणाऱ्या केंद्रांचं जाळं आहे, त्याची सुरुवात २०११ ची. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर राज्याच्या मंडळासाठी नीरीने महाराष्ट्रातल्या सत्तावीस शहरांचा आवाज मोजला. मुंबईत सुमैरा अब्दुलालींची आवाज फाउंडेशन तर त्याच्या किती तरी आधीपासून मीटर घेऊन रस्त्यावर आहे. पण आकडे आले की माणसं आवाजाबद्दल बोलायचं सोडून अब्रूबद्दल बोलू लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालात मुरादाबादचं नाव ११४ डेसिबलसह आलं, वर फक्त ढाका, ११९ वर. मुरादाबादेत खळबळ. पितळेची भांडी ठोकणारं गाव आहे, ठोकाठोकीचा आवाज त्यांना मान्य होता. जगातला दुसरा नंबर मात्र मान्य नव्हता. हा आकडा आलाच कुठून, असा वाद सुरू झाला. तोही अर्थात बऱ्यापैकी मोठ्या आवाजात.

मला या सगळ्यात दिसतं ते एवढंच, की डेसिबलला आडनाव नसतं. मापक सांगतो पंच्याऐंशी. कुणाचे, ते सांगत नाही. आणि चौकात कुणालाही विचारा, ते पंच्याऐंशी त्याच्याखेरीज बाकी सगळ्यांचे असतात. मुंबई पोलिसांनी २०१९ च्या शेवटी नेमका इथे चिमटा काढला. काही सिग्नलना त्यांनी ध्वनिमापक जोडले. हॉर्नचा गलका पंच्याऐंशी डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात. वाजवा आणि थांबा. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि लोक हसले. मला त्यातलं सगळ्यात मराठी दृश्य कल्पनेत दिसतं ते असं: सेकंद पुन्हा नव्वदवर गेले आहेत, आणि एक गृहस्थ मागच्याला 'वाजवू नका' हे सांगण्यासाठी हॉर्न वाजवतायत.

पॅरिसवाल्यांनी आडनावाचाही बंदोबस्त केला. त्यांच्याकडे चार माइक असलेलं एक यंत्र खांबावर लटकतं, नाव मेदुझ, म्हणजे जेलीफिश. चारही कानांनी ऐकून ते आवाज कुठल्या दिशेने आला ते सांगतं. त्याच धर्तीवर २०२२ मध्ये त्यांनी ध्वनी-रडार लावून पाहिले. मोठा आवाज करत गाडी गेली की ती नेमकी कुठली ते ओळखायचं आणि नंबरपाटीचा फोटो काढायचा. आपल्या चौकात हे यंत्र लावलं तर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्याची मेमरी भरेल, आणि संध्याकाळी आपला फोटो नीट आला नाही म्हणून लोक भेटायला येतील.

असो. आमचा नकाशा झाला. रंगीत छापायला दिला तर दुकानदाराने लाल शाई संपल्याचं कळवलं. पैसे वाचवायला साधी झेरॉक्स काढली तर सगळा विभाग एकसारखा काळा दिसू लागला. शेवटी एक मोठी रंगीत प्रत सूचना फलकावर लागली. पहिल्यांदा तिचा लक्षपूर्वक अभ्यास केला तो एका फ्लॅटच्या एजंटाने. मागच्या इमारतीची पिवळी बाजू बोटाने दाखवून त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं, "हे बघा, सर्टिफाइड शांत आहे." आणि भाडं वाढवलं. बाकीच्यांनी आपापला फ्लॅट शोधला. ज्यांचा लाल आला ते समाधानी झाले, आपण इतकी वर्षं सांगतच होतो म्हणून. ज्यांचा केशरी आला त्यांनी हरकत घेतली.

पण सगळ्यात गडद, जांभळा ठिपका ना चौकात होता ना बसथांब्यावर. तो आमच्या स्वतःच्या गेटवर होता. वेळ सकाळी नऊची.

सर्वसाधारण सभा भरली. सेक्रेटरींनी आधी मापकात दोष असल्याची शक्यता मांडली. प्राध्यापक दुखावले. मग हा आवाज बाहेरच्यांचा असणार असं ठरलं, शाळेच्या व्हॅन, कुरिअरवाले, दुधाच्या गाड्या. तरीही खबरदारी म्हणून ठराव आला, 'सभासदांनी गेट उघडण्यासाठी हॉर्न वाजवू नये.' त्यावर दुरुस्ती आली, 'वॉचमन जागेवर नसल्यास एकदा वाजवावा.' मग 'पाऊस असल्यास दोनदा.' मग 'डॉक्टर सभासदांना ही अट नाही.' चार्टर्ड अकाउंटंटांनी मार्च महिन्यापुरती सवलत मागितली. बँकवाले काका म्हणाले, एवढे अपवाद करण्यापेक्षा सरळ वॉचमनलाच जाब विचारा, तो वेळेवर उघडत नाही म्हणून लोकांना वाजवावं लागतं.

वॉचमन मामांना वर बोलावलं. बिचारे टोपी हातात घेऊन उभे राहिले. सेक्रेटरींनी विचारलं, "मामा, सकाळी गेटवर एवढे हॉर्न कोण देतं? बाहेरच्या गाड्या ना?"

"नाही साहेब," मामा म्हणाले. "बाहेरच्या गाड्यांना मी आत कुठं सोडतो? ते फोन करतात." मग त्यांना वाटलं, साहेबांना नीट माहिती हवी आहे. "ते लहान दोनदा देतात ते चारशे दोन. एकदा लांब, दाबून, ते सहाशे एक. मॅडमचा वेगळा, त्या तीनदा देतात, मग काच खाली करतात. गाडी मागं घेताना गाणं वाजतं ते दोनशे तीन. तुमचा मला न बघता कळतो साहेब, तुम्ही वळणावरूनच सुरू करता, म्हणजे गेटवर यायच्या आत मी उठलेला असतो. बँकवाल्या काकांचा..."

"ठीक आहे, ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले. मग मिनिट्स लिहिणाऱ्या काकूंकडे वळून, "हे घेऊ नका. ठराव पुढच्या सभेत."